वाचून दाखवणाऱ्यास

३ जुलै

दादा,

आधी हे पत्र जे कुणी तुला वाचून दाखवत असतील त्यांना माझा नमस्कार सांग. म्हणजे ते आत्ता हेच वाचताहेत, तेव्हा पोहोचलाच. घाईत माझे 'थ' आणि 'य' सारखेच दिसतात, त्याबद्दल त्यांनी माफ करावं.

मला काम मिळालं.

हे एका ओळीत लिहायचं ठरवलं होतं, कारण मागच्या पत्रात फारच रडगाणं गायलं होतं. वकिलाकडे काम केल्याचा दाखला असल्याशिवाय शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसता येत नाही, म्हणून न्यायालयासमोरच्या इमारतींचे जिने चढतेय-उतरतेय, असं लिहिलं होतं ना? सगळीकडे गुणपत्रिका हातात घ्यायचे, वाचायचे, चांगली आहे म्हणायचे आणि परत द्यायचे. मग तोच प्रश्न. "ते ठीक आहे हो, पण कुणाची ओळख आहे का?"

वसतिगृहात माझ्या खोलीतली मैत्रीण झोपेतसुद्धा कलमांचे आकडे बडबडते, म्हणून तिला सगळे कलमच म्हणतात. ती म्हणाली, "अगं, आपल्या वर्गात दोनच प्रकारची मुलं आहेत. ज्यांचे काका न्यायाधीश आहेत ती, आणि ज्यांचे काका नुसतेच काका आहेत ती." मी म्हटलं, मला तर काकाच नाहीत. "मग तू अपिलातही हरलीस," म्हणाली.

आणि गेल्या आठवड्यात एका कार्यालयातून आपणहून फोन आला. कुणीतरी तुमचं नाव सुचवलंय, येऊन भेटा. मला वाटलं चुकून लागला. गेले, तर साहेबांनी गुणपत्रिका उघडलीसुद्धा नाही. चहा मागवला आणि घरचं विचारलं. वडील काय करतात, घर स्वतःचं का, कुणाच्या नावावर आहे, भाऊ कुठे असतो. सांगितलं, बाबा सोफे आणि गाड्यांच्या बैठका दुरुस्त करतात, खाली दुकान आणि वर दोन खोल्या, आजोबांनी घर बाबांच्या आणि नातवाच्या अशा दोघांच्या नावावर ठेवलंय. इतक्या आस्थेने आजवर कुणी विचारलं नव्हतं. उद्यापासून ये, म्हणाले.

नाव कुणी सुचवलं ते त्यांनी सांगितलं नाही. दादा, तू का? तिकडे कुणाजवळ तरी तू माझ्याबद्दल बोललास का? तसं असेल तर मला नोकरीपेक्षा त्याचाच आनंद होईल.

आई बरी आहे. हे पूर्ण खरं नाही. आईचे गुडघे बरे नाहीत, बाकी बरी आहे. तू पाठवलेली शाल ती वापरत नाही, घडी करून उशाशी ठेवते. त्या पुडक्यावर गोदामाचा शिक्का होता म्हणून तर मला हा पत्ता मिळाला. बाबा अजून तसेच, ओठांत बारीक खिळे, म्हणजे चुका, धरून बोलतात. काल घरी गेले तेव्हा कुठल्याशा खुर्चीचं कापड ठोकत होते. काम मिळाल्याचं सांगितलं तर म्हणाले, "हं हं हं." आईने भाषांतर केलं, "देव पावला म्हणतायत." तू म्हणायचास ते आठवलं. बाबांच्या तोंडातच इतक्या चुका, की एकही कबूल करायला जागा उरत नाही.

हे वाचून दाखवू नका असं वाचणाऱ्यांना सांगायला हवं होतं. पण आता लिहून झालं, आणि खाडाखोड करायची मला सवय नाही.

एक ओळ तरी पाठव. लिहिता येत नाही ही सबब चालणार नाही, वाचणाऱ्यांना सांग आणि खाली सही कर.

तुझी,
पाटी

(वाचणाऱ्यांसाठी : हे माझं नाव नाही. लहानपणी मी पाटी घेऊनच झोपायचे म्हणून दादा मला पाटी म्हणतो. त्याच्याखेरीज मला या नावाने कुणी हाक मारत नाही.)


२२ जुलै

दादा, आणि वाचून दाखवणारे,

कार्यालय म्हणजे एक लांबट खोली. दारापाशी कारकून, मधे लोकांसाठी बाक, टोकाला साहेबांचं टेबल. बाकाचं रेक्झीन फाटलंय आणि आतला फोम लोक बसल्या बसल्या कुरतडतात. बाबांनी पाहिलं तर आधी बाक उलटा करतील, मग साहेबांना नमस्कार करतील.

माझं काम कागदांच्या नकला काढणं, फायली लावणं, आणि ओळख देणं. शपथपत्रावर माणसाने सही किंवा अंगठा केला की शेजारी आणखी एक सही लागते. "या व्यक्तीस मी ओळखतो." ती आता माझी.

पहिल्याच दिवशी एक आजी आल्या. साहेब म्हणाले, "कर सही."

"साहेब, मी यांना ओळखत नाही."

कारकून हसला. साहेब हसले नाहीत. "आजी, ही आमची नवीन मुलगी. मुली, या आजी. झाली ओळख? कर सही."

केली. पण खोलीवर येऊन जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी एक पद्धत पाडली. जो येईल त्याला बाकावर बसवते, नाव विचारते, घरी कोण कोण ते विचारते, आणि घोटभर चहा एकत्र घेते. मग सही. अगदी खोटं नको व्हायला. कारकुनाने चहाच्या बिलाची तक्रार केली. कलमला सांगितलं तर ती उशीत तोंड खुपसून हसली. "शपथेवर चहा पिणारी पहिली वकील होणार तू! आणि गंमत बघ, जिला ओळख नाही म्हणून कुणी उभं करत नव्हतं, ती आता गावाला ओळख वाटत फिरतेय."

मला त्यात गंमत वाटली नाही. थोडी वाटली.

आता महत्त्वाचं. परवा एक गृहस्थ आले. त्यांचे बूट पांढरे. बाहेर रस्ता उकरलेला आहे, दारापर्यंत चिखल, आमच्या सगळ्यांच्या चपला लडबडलेल्या. त्यांच्या बुटांवर ठिपका नाही. ते आले तसे सरळ साहेबांच्या खुर्चीत बसले आणि साहेब उभे राहिले. मी पाणी ठेवलं तर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा भाऊ आमच्याच गोदामात असतो की. मजेत आहे."

दादा, माझ्या हातातला तांब्या खाली ठेवता येईना. मी विचारलं, त्याचा फोन का लागत नाही? "गोदामात फोन चालू देत नाही कुणाला." जेवतो वेळेवर? "घोड्यासारखा." माझी पत्रं मिळतात? तेव्हा ते जरा हसले. "मिळतात तर. सगळी मिळतात."

मला इतकं बरं वाटलं. घरी फोन करून आईला सांगितलं, ती रडली. संध्याकाळी पुराव्याचं पुस्तक उघडलं आणि नेमकं तेच प्रकरण निघालं. दुसऱ्याने पाहिलेलं तिसऱ्याच्या तोंडून आलं की तो ऐकीव पुरावा. ऐकीव पुरावा ग्राह्य नाही. तू मजेत आहेस हे मला ऐकीव कळलंय, दादा.

ते गृहस्थ बाबांनाही भेटले. कोपऱ्याची जागा म्हणून त्यांना आपलं घर हवंय. बाबांनी मला विचारलं नाही, सांगितलं. शेवटच्या वर्षाची फी, वसतिगृह, पुढे सनदेचा खर्च. "दुकान काय, भाड्याच्या गाळ्यातही चालतं. शिकलेलं माणूस भाड्याने घेता येत नाही." ओठांत एकही चूक न धरता बोलले, म्हणजे आधीच ठरवून बोलले. मी म्हटलं, अर्धं घर दादाचं आहे. ते उठून खाली गेले. बराच वेळ हातोड्याचा आवाज येत होता. आईने जाऊन पाहिलं, तर खुर्चीत आधीच चुका मारून झालेल्या होत्या, ते त्यांच्यावरच पुन्हा मारत होते.

तू का गेलास हे मी कधी लिहिलं नाही. वाचणाऱ्यांसमोर घरचं कशाला, असं वाटायचं. पण माझ्या प्रवेशाच्या वेळी बाबांनी तुझा टेम्पो तुला न विचारता विकला, हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. उंबऱ्यावर तू म्हणालास, "आता घर तरी ठेवा." तुला वाटलं मी आत आहे. मी दाराच्या मागे होते.

म्हणून विचारते. घर विकायला तुझी हरकत आहे की नाही? हरकत असेल तर मी फी भरणार नाही. कोरा कागद पाठवलास तरी मी हरकत आहे असं समजेन.

तुझी,
पाटी


९ ऑगस्ट

दादा,

आज वाचणाऱ्यांना नमस्कार लिहायला हात धजत नाही. उद्धटपणा वाटेल, पण सांगते का ते.

काल साहेबांनी मला टेबलापाशी बोलावलं. पांढरे बूट शेजारी. समोर हक्कसोडपत्र. घरातला तुझा अर्धा हिस्सा तू राजीखुशीने बाबांना सोडून देतोस, म्हणजे बाबा सगळं घर विकायला मोकळे. खाली तुझी सही. शेजारी ओळखीची जागा रिकामी.

साहेब म्हणाले, "तुझ्या भावाने तिकडेच केली. तू ओळख दे. सख्खी बहीण ओळख देते म्हटल्यावर कोण शंका घेणार? आणि हो, तुझा दाखला टाइप करून ठेवलाय." खरंच ठेवला होता. सहीपुरता. दोन्ही कागद शेजारी शेजारी होते, एकाच पेपरवेटखाली.

मी सही पाहिली. पुन्हा पाहिली. आणि म्हटलं, "ही दादाची वाटत नाही."

"का?"

"वाटत नाही."

"अगं पण का? काहीतरी कारण?"

कारण मी सांगितलं नाही. मला माहीत आहे, पण त्या दोघांसमोर बोलले नाही, आणि आज इथेही लिहीत नाही.

साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "चार बुकं शिकली की सख्ख्या भावाची सही ओळखू येत नाही बघा." पांढरे बूट मात्र शांत होते. "घाई नाही. मुलीच्या मनाचं समाधान व्हायला हवं. परत करून आणू." मग उठता उठता माझ्याकडे वळून म्हणाले, "काय पाटी, अभ्यास कसा चाललाय?"

दादा.

हे नाव तू त्यांना सांगितलंस असं मी स्वतःला सांगून पाहिलं. जेवायला बसला असाल, बहिणीचा विषय निघाला असेल. असं होऊ शकतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मग घरी गेले. सांगणार होते की कागद खोटा आहे. पण बाबांना बातमी आधीच पोहोचली होती. दुकान बंद करून वर येऊन बसले होते, भर दुपारी. त्यांना असं रिकाम्या हाताने बसलेलं मी कधी पाहिलं नाही. "सही दिली त्यानं," म्हणाले. "ऐकलंस ना? हक्क सोडला. म्हणजे राग सोडला." आईला म्हणाले, "मी म्हणत होतो ना, पोरगा मनानं मोठा आहे." दादा, बाबांनी तुला मोठा म्हटलं. तुझ्या टेम्पोचं नावही काढलं त्यांनी, स्वतःहून. "तेव्हा विचारायला हवं होतं त्याला." आईचा हात भाजीवरच थांबला.

मी काय सांगायचं होतं? मी म्हटलं, "हो बाबा."

कलमला सगळं सांगितलं. ती पहिल्यांदाच हसली नाही. म्हणाली, "तुझं नाव साहेबाला कुणी सुचवलं, ते कळलं का कधी?" मी म्हटलं नाही. "तू काम शोधत जिने चढतेयस हे कुणाकुणाला माहीत होतं?" नाकारणारे वकील आणि आईबाबा सोडले, तर मला, तिला आणि दादाला. "दादाला कसं?" पत्रातून. "आणि पत्र त्याला वाचता येतं?"



म्हणजे मला वाटलं होतं की शेवटी कुणालातरी माझी ओळख नसूनही माझी गरज पडली. गरज होतीच. माझ्या गुणांची नव्हती.

पाटी


१२ ऑगस्ट

प्रिय दादा, आणि वाचून दाखवणारे, सप्रेम नमस्कार.

मागचं पत्र मनावर घेऊ नकोस. परीक्षा तोंडावर आली की मी अशीच दोरीला साप म्हणते. वाचणाऱ्यांना काही लागलं असेल तर त्यांनीही माफ करावं. एवढे उपकार करतात आणि मी नमस्कारसुद्धा केला नाही.

मी शांतपणे विचार केला. सहीबद्दल माझी शंका खरं तर अगदी क्षुल्लक आहे. तुला आठवतं, मी तुला सही माझ्याच पाटीवर शिकवली? तू म्हणालास, बाकी काही नको, एवढी चार अक्षरं दे, बँकेत अंगठा लावायची लाज वाटते. तेव्हापासून तुझ्या सहीत अक्षरं संपली तरी वरची रेघ संपत नाही. पुढे चांगली बोटभर उरते. मी हसायचे, दादा, कपडे संपले तरी तुझी दोरी उरलीच. आणि उरलेल्या दोरीच्या टोकाला तू छोटीशी गाठ मारतोस, गोल, टिंबासारखी. ती गाठ मारल्याशिवाय तुझी सही पुरी होत नाही. त्या कागदावर रेघ अक्षरांबरोबरच संपली होती आणि गाठही नव्हती, म्हणून मी अडले. बाकी काही नाही.

घाईत राहिली असेल. गोदामात काम कमी का असतं.

तेव्हा पुन्हा सही करशील तेव्हा दोरी आणि गाठ तेवढी विसरू नकोस, म्हणजे मी डोळे मिटून ओळख देईन. माझा दाखला होईल, फी भरली जाईल आणि बाबांच्याही जिवाला बरं वाटेल.

अभ्यास ठीक. आई शाल पांघरायला लागली आहे.

तुझीच,
पाटी


३० ऑगस्ट

वाचून दाखवणाऱ्यास,

आज दादाला नमस्कार नाही, कारण हे पत्र त्याला नाही. तुम्हाला आहे. मला वाटतं पहिल्यापासूनची सगळीच तुम्हाला होती.

नवीन कागद काल आला. साहेबांनी तो माझ्यापुढे असा सरकवला जसा हट्टी मुलापुढे खेळणं सरकवतात. "घे. झालं समाधान?"

सही सुंदर होती. चार अक्षरं, वर रेघ, रेघ पुढे बोटभर उरलेली. आणि टोकाला गाठ. गोल, टिंबासारखी.

साहेब, माझा दादा गाठ मारत नाही. कधीच मारली नाही. ती मी त्या पत्रात तुमच्यासाठी मारली होती.

(तुम्हाला काय म्हणावं ते कळत नाही, म्हणून साहेब लिहिलं. पांढरे बूट तुमचेच आहेत का, की तुम्ही त्यांचे आणखी कुणी आहात, हेही मला माहीत नाही.)

खोटं लिहायला मला फार जड गेलं. मी आजवर उत्तरपत्रिकेतसुद्धा अंदाजाने काही लिहिलेलं नाही. बारा तारखेचं ते पत्र पेटीत टाकून परत फिरले, पुन्हा जाऊन पेटीपाशी उभी राहिले, हात आत जातो का पाहिलं. गेला नाही.

मी तुमच्या बाजूनेही विचार केला. असंही असेल की तुम्ही पत्र दादाला खरंच वाचून दाखवलंत आणि त्याने माझ्या समाधानासाठी गाठ मारली. पण ज्याला लिहिता येतं त्यालाच सहीत फेरफार करता येतो. दादाला लिहिता येत नाही. सही ही त्याच्या हाताची चाल आहे, पायाची असते तशी. आणि दोरी का उरते ते मी तुम्हाला लिहिलंच नव्हतं. तुम्ही आम्ही आधी अक्षरं काढतो आणि मग वर रेघ ओढतो. दादा आधी रेघ ओढतो. आधी दोरी, मग कपडे, असंच त्याला वाटलं, आणि मी बदलायला गेले तर म्हणाला, "हवेत कपडे वाळत घालतात का कुणी?" किती लागेल याचा अंदाज नसतो म्हणून दोरी उरते. तुमच्या कागदावर रेघ शेवटी ओढलेली आहे. ओल्या अक्षरांची डोकी तिने उजवीकडे फरफटत नेली आहेत. दादाची अक्षरं रेघेला लोंबतात. तुमची रेघेखाली चिरडली आहेत.

मी ओळखीच्या जागेत लिहिलं, "ही सही मी ओळखत नाही," आणि खाली माझी सही केली.

साहेबांनी वाचलं. आधी कागद फाडला, मग त्याच पेपरवेटखालचा दाखला फाडला. "एवढी वर्षं या धंद्यात आहे," म्हणाले, "पण पोटावर पाय देऊन घेणारी पोर पाहिली नव्हती. ओळख द्यायची नाही ना? मग इथली ओळख विसर." पांढरे बूट खिडकीशी होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाटी, तू फार लिहितेस."

हो. ते खरं आहे.

कागद फाडला त्याचं मला वाईट वाटलं नाही. नकला काढायचं काम माझ्याकडेच होतं.

घरी गेले. बाबा एका जुन्या आरामखुर्चीपाशी बसले होते, ओठांत चुका. मी सगळं सांगितलं, पहिल्या फोनपासून. त्यांनी मधे एकदाही मान हलवली नाही. मग तोंडातल्या चुका एकेक काढून तळहातावर ठेवल्या.

"म्हणजे त्यानं राग सोडला नाही?"

"नाही बाबा."

"हं."

"बाबा, राग असू दे. राग धरायलासुद्धा माणूस असावा लागतो."

हे मी बोलायला नको होतं. आईने स्वयंपाकघरातून ऐकलं. ती बाहेर आली, शाल अंगावरून काढली आणि उजेडात धरून उलटसुलट पाहू लागली. म्हणाली, "ही तरी त्यानंच पाठवली होती का गं?"

शालीवर सही नसते.

तक्रार दिली आहे. कलम सोबत आली होती. ठाण्यातल्या माणसाने दोन्ही नकला पाहिल्या, तुमच्या गोदामाचा शिक्का पाहिला, आणि खुर्ची मागे रेलून मला विचारलं, "इथे कुणाची ओळख आहे का?" मी म्हटलं, "माझ्या भावाची आहे." तो काहीतरी बोलणार होता, पण कलमने आकडे म्हणायला सुरुवात केली आणि त्याने कंटाळून शिक्का मारला. शिक्का मारलेली प्रत आमच्याकडे आहे. पुढे ते काय करतील ते मला माहीत नाही. या वर्षी मला परीक्षेला बसता येणार नाही, ते मात्र माहीत आहे. महाविद्यालयात सांगितलं, दाखला नाही तर नाव नाही.

बाबा आज सकाळच्या गाडीने तुमच्याकडे निघाले आहेत. थांबवून थांबले नाहीत. बरोबर फक्त हातोडा आणि चुकांची डबी घेतली आहे, कारण दुसरं काही घेऊन बाहेर पडायची त्यांना सवय नाही. पत्ता वाचता येत नाही, म्हणून मी तो त्यांना कागदावर लिहून दिला आणि सांगितलं, कुणालाही दाखवून विचारा. दिल्यावर लक्षात आलं की मी पुन्हा तेच केलं. माझं अक्षर एका न वाचणाऱ्या माणसाच्या हातात दिलं, आणि वाचणारा कोण भेटेल ते देवावर सोडलं. ते आधी पोहोचतील की हे पत्र, सांगता येत नाही. तुम्ही हे वाचत असताना ते दारात उभे असतील. त्यांना खुर्ची द्या. ते आधी तिच्या शिवणी बघतील, त्याचा राग मानू नका.

आता माझं मागणं. सही नको. पत्र नको. मजेत आहे असा निरोप अजिबात नको. माझा दादा तिथे कुठे असेल, कुठल्याही खोलीत, कुठल्याही अवस्थेत, त्याच्या हातात पेन द्या आणि म्हणा, पाटीने दोरी मागितली आहे. नुसती दोरी. अक्षरं लटकवू नकोस. एवढं म्हटलं की तो हसेल, आणि डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढेल, गरजेपेक्षा लांब. तो कागद मला पाठवा.

तुम्ही स्वतः ओढून पाठवाल, असं कलम म्हणते. पाठवा. नुसत्या रेघेत काय ओळखायचं, असं तुम्हालाही वाटेल. पण ती रेघ मी लहानपणी रोज पुसली आहे, म्हणजे त्याला नवी काढता यावी. मी ओळखीन.

आणि काहीच आलं नाही, तर तेही ओळखीन.

पाटी